डाळीला बदनाम करू नका

मंडळी, आज आठवण सांगायला आलेय, पण थोडं भांडणारही आहे. आधीच सांगून ठेवते.

मागच्या रविवारी आपल्या इंदूरच्या मंडळाच्या सहलीचा मेनू ठरत होता. मी म्हटलं, मटकीची उसळ ठेवू या. लगेच चारी बाजूंनी सूर लागला, "नको गं बाई, गॅस होतो." बरं, मग ठरलं काय? सकाळी पोहे-जिलेबी, वर मूठभर शेव आणि जीरावन. अकराला कचोरी. दुपारी दाल-बाफले, तुपात बुडवलेले. संध्याकाळी शेव-परमल आणि घट्ट दुधाची शिकंजी. आणि उसळ म्हणे जड!

अरे भिया, शेव कशाची असते? बेसनाची. बेसन कशाचं? हरभऱ्याच्या डाळीचं. म्हणजे हरभरा शिजवून वाटीत दिला तर वातूळ, आणि तोच दळून तेलात तळून मुठीमुठीने खाल्ला तर नाश्ता. हा कुठला न्याय?

आमचं बिऱ्हाड रामबागेत. आजीच्या हातची मटकी आठवड्यातून दोनदा व्हायची. आदल्या सकाळी भिजवायची, रात्री ते फेसाळ पाणी मोरीत ओतून द्यायचं, मग फडक्यात घट्ट बांधून मोड आणायचे. मी एकदा शाळेतून शिकून आले की त्या पाण्यात जीवनसत्त्वं असतात, ते फेकू नये. आजी म्हणाली, "तुझी जीवनसत्त्वं तुझ्याकडे ठेव, रात्री पोट मला चोळावं लागतं." फोडणीत हिंग, शिजताना आलं, जेवणाच्या शेवटी पातळ ताक. घरात चौदा माणसं जेवायची, पण उसळीने पोट फुगलं म्हणून कोणी आडवं झालेलं मला आठवत नाही.

आजीला कारण ठाऊक नव्हतं, कृती ठाऊक होती. कारण असं की कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या फोडायला लागणारं पाचकद्रव्य माणसाच्या शरीरात नसतंच, कोणाच्याच नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेन तयार होतो. भिजवून पाणी फेकलं की यातल्या बऱ्याच साखरा पाण्याबरोबर जातात, मोड आणले की आणखी घटतात. आपण मात्र घाईत डाळ तासभरही न भिजवता कुकरमध्ये टाकतो, तीन शिट्ट्या घेतो आणि वर डाळीलाच शिव्या देतो.

आणखी एक. वायू सरणं हा रोग नाही. दिवसातून दहा-पंधरा वेळा, क्वचित वीसदाही, निरोगी माणसाला होतंच. आपल्या घरांतून त्याची इतकी लाज की सुना दिवसभर पोट आवळून बसायच्या आणि मग दुखतं म्हणून रडायच्या. मीही त्यातलीच होते.

ढेकरांचं तर वेगळंच. ती बहुतेक गिळलेली हवा असते. भराभर खाणं, खाताना तावातावाने बोलणं, आणि गॅसवर इलाज म्हणून सोडा पिणं. सोड्याच्या बाटलीत वायूच भरलेला असतो, मंडळी! पिऊन मोठी ढेकर येते आणि वाटतं, गॅस निघाला. निघाला तो सोड्याचाच. खायचा सोडा पाण्यात घालून घेणाऱ्यांचंही तेच. पोटातल्या आम्लाला लागून तो तिथेच वायू करतो, आणि त्यातलं सोडियम रक्तदाबवाल्यांना बाधतं ते निराळंच.

आता खरं दुखणं सांगते.

डिसेंबर 1996. अण्णा रात्री सराफ्यातून गराडू खाऊन आले. साडेअकराला म्हणाले, छातीत भरून आल्यासारखं होतंय. कपाळावर घाम, थंडीचे दिवस असून. आई म्हणाली, "गराडू बाधला, गॅस आहे." ओव्याची फक्की दिली, बेंबीवर हिंग चोळला. लिंबू-सोडा केला तो मी. माझ्या या हातांनी. त्यांना ढेकर आली, आम्ही म्हटलं, चला, मोकळं झालं. पहाटे चारला रिक्षा शोधत धावलो. डॉक्टर म्हणाले, हा हृदयविकाराचा झटका आहे, रात्रीच का नाही आणलंत? तिसऱ्या दिवशी अण्णा गेले.

रात्रीच नेलं असतं तर वाचले असते की नाही, ते मला कोणी सांगू शकत नाही. पण ते साडेचार तास आम्ही "गॅस" या एका शब्दात घालवले, हे मी विसरू शकत नाही.

आईने यातून काय धडा घेतला? वातूळ सगळं बंद! तुरीचं वरण बंद, उसळ बंद, भाकरीबरोबरचं पिठलं बंद. भात, चहा-टोस्ट, बटाटा आणि रोज सकाळी उपाशीपोटी "गॅसची गोळी". कोणी तरी एकदा पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली, आईने अकरा वर्षं घेतली. शेवटी हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं. तपासलं तर बी-12 अगदी तळाला. दंडाचं मांस झडलेलं.

ती गोळी गॅसची नसतेच, मंडळी. ती आम्ल कमी करते. आम्ल जठरात, वायू बहुतेक मोठ्या आतड्यात. वरच्या मजल्यावरचा नळ बंद करून तळघरातली हवा कशी कमी होणार? ज्याला अल्सर आहे, छातीत जळजळ आहे, त्याने डॉक्टरांच्या सांगण्याने जरूर घ्यावी, मनाने बंदही करू नये. पण वर्षानुवर्षं आपल्या मनाने घेतली तर बी-12 आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. त्यात आपण शाकाहारी, आणि वरून डाळही सोडलेली.

मग मी आईचं जेवण हातात घेतलं. बी-12 ची इंजेक्शनं चालू होतीच. सुरुवात धुतलेल्या मुगाच्या वरणाने, दोन चमचे. आठवड्याने अर्धी वाटी. मग मोडाचे मूग, मग मटकी. एकदम नाही, कारण आतड्याला सवय लागायला वेळ लागतो. दूध बाधत होतं, ते बंद करून ताक दिलं. मोठेपणी पुष्कळांना दुधातली साखर पचत नाही, दह्या-ताकात ती कमी असते. महिनाभर वहीत लिहिलं, काय खाल्लं आणि काय झालं. सापडलं काय? डाळ नव्हतीच. फ्लॉवर, कच्चा कांदा आणि मधुमेहासाठी आणलेल्या शुगर-फ्री गोळ्या. त्या गोळ्यांतलं सॉर्बिटॉल आतड्यात तेच करतं जे न भिजवलेला राजमा करतो. जेवल्यावर गच्चीवर दहा मिनिटं शतपावली. सहा महिन्यांत आई दोन्ही वेळा वरण-भात जेवायला लागली.

म्हणून भांडायला आलेय. ज्याला जे बाधतं ते त्याने शोधावं आणि तेवढंच कमी करावं. शेजारणीला बाधतं म्हणून अख्ख्या घराची डाळ बंद करू नये. पोटाचा त्रास नव्यानेच सुरू झाला, वजन उतरतंय, शौचात रक्त आहे, तर हिंग-ओवा बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. आणि छातीत भरलं, घाम फुटला, जबडा किंवा हात दुखू लागला, तर कोणी "गॅस आहे" म्हणालं तरी ऐकू नका. गाडी काढा. मधुमेही माणसाला तर नुसतं अस्वस्थ वाटलं, दम लागला तरी काढा. गॅसच निघाला तर हसत परत येऊ.

सहलीला मटकीची उसळ मी घरून घेऊन येतेय, पाणी फेकून, मोड आणून. ज्यांना नको त्यांनी शेव खावी. पण उसळीकडे बघून नाक मुरडू नका.