जीर्णोद्धार की उत्तरक्रिया?

जीर्णोद्धार हा शब्द आमच्या कोकणात फार पुण्यवान समजला जातो. ज्याच्या हातून देवळाचा जीर्णोद्धार झाला, त्याचे नाव गाव दोन पिढ्या आदराने घेतो. परंतु अलीकडे जांभ्याच्या भिंती आणि सागवानी खांब पाडून त्या जागी सिमेंटचा ठोकळा उभा करावयाचा, आणि दारावरच्या पाटीवर मात्र 'जीर्णोद्धार' असे कोरावयाचे, अशी रीत पडत चालली आहे. देवळांच्या वादात आज आम्हांस शिरावयाचे नाही. हीच रीत आता आमच्या दिवाणखान्यापर्यंत येऊन पोहोचली आहे, तिच्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस प्राप्त झाले आहे.

रत्नागिरीतील जुन्या घरांतून व्हॉल्व्हचे रेडिओ आणि ध्वनिवर्धक अद्याप सापडतात. कोणी ते नभोवाणीसाठी घेतले, कोणी तबकड्या ऐकण्यासाठी, कोणी आळीतल्या उत्सवासाठी. आज त्यांपैकी बहुतेक मुके आहेत. अशा सेटाचे पोट फाडून आतले यंत्र भंगारवाल्यास द्यावयाचे, त्याच्या जागी तळहाताएवढे ब्लूटूथचे कार्ड आणि दोन स्वस्त स्पीकर बसवावयाचे, पुढच्या काचेमागे पिवळा दिवा लावावयाचा, आणि आल्यागेल्यास मोठ्या अभिमानाने सांगावयाचे की, 'आजोबांचा रेडिओ पुन्हा चालू केला!' आमचे स्पष्ट मत असे आहे की, हा जीर्णोद्धार नव्हे, ही उत्तरक्रिया होय. ज्या गावी स्थानबद्धतेच्या काळात, १९२४ ते १९३७ ह्या वर्षांत, सावरकरांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला, त्या गावाने तरी एका शब्दाचा असा विपर्यास मुकाट्याने सोसू नये.

ह्यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. 'व्हॉल्व्ह आता मिळतात कुठे?' असे विचारून लोक आपली सुटका करून घेतात. हा प्रश्न अज्ञानमूलक आहे. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनविलेले व्हॉल्व्ह एके काळी देशभरच्या सेटांतून पेटत असत. ते उत्पादन थांबले हे खरे. परंतु स्लोव्हाकिया, रशिया व चीन ह्या देशांतील कारखान्यांतून आजही नवे व्हॉल्व्ह बाहेर पडतात. ह्याचे श्रेय बव्हंशी विजेची गिटार वाजविणाऱ्यांकडे जाते. ट्रान्झिस्टर आला तेव्हा साऱ्या जगाने व्हॉल्व्हचा त्याग केला; ह्या वादकांनी मात्र केला नाही. जोराने वाजविले असता व्हॉल्व्हचा आवाज एकदम तुटत नाही, क्रमाक्रमाने भरदार होत जातो, आणि तो गुण त्यांस आपल्या वाद्याचाच एक भाग वाटतो. त्यांच्या हट्टामुळे ईएल ८४ सारखा व्हॉल्व्ह अजून बाजारात आहे, आणि तोच व्हॉल्व्ह आमच्या कित्येक सेटांतही आहे. ज्यांच्या वादनास आमच्याकडील वडीलधारी मंडळी गोंगाट म्हणतात, त्यांनीच आमच्या आजोबांच्या रेडिओची तरतूद करून ठेवली आहे!

ह्या गिटारच्या ध्वनिवर्धकांचा इतिहासही मनोरंजक आहे. ज्याच्या नावाने ते जगभर ओळखले जातात, त्या लिओ फेंडरने १९३८ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी प्रथम रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले होते. हा गृहस्थ मुळात आमच्या बाजारपेठेतील एखाद्या कारागिरासारखा, हातात डाग देण्याची कांडी घेऊन बसणारा दुरुस्तीवाला होता. दुरुस्तीच्या बाकावर किती विद्या असते, ह्याचा ह्याहून बोलका दाखला कोणता द्यावा?

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. 'भाग बदलावयाचेच, तर सगळे बदलले म्हणून काय बिघडले?' असे काही सुशिक्षित लोक विचारतात. त्यांस आमचा उलट प्रश्न असा की, पावसाळ्यापूर्वी आपण कौले परततो, फुटकी काढून नवी घालतो, कुजलेला वासा बदलतो. म्हणून काय कोणी घर पाडतो? जुन्या सेटातील कंडेन्सर हे फुटक्या कौलांसारखे आहेत. मेणकागदाचे कंडेन्सर काळाने गळू लागतात. मग विजेचा जो दाब त्यांनी अडवावयाचा, तो शेवटच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर जातो, व्हॉल्व्ह लालबुंद होतो आणि शेवटी ट्रान्सफॉर्मर जळतो. म्हणून ते बदललेच पाहिजेत. परंतु ट्रान्सफॉर्मर, सांगाडा, पेटी आणि स्पीकर हे घराचे खांब होत. ते शाबूत असता काढून टाकणे म्हणजे निव्वळ आळस.

तसेच, माळ्यावरून काढलेला सेट कुतूहलापोटी थेट विजेला जोडणाऱ्या उत्साही मंडळींसही आमचे सांगणे आहे की, असे करू नका. जाणता कारागीर आधी सिरीजमध्ये दिवा लावतो. आत कोठे दोष असला तर दिवा झगझगीत पेटतो आणि सेट वाचतो. आत २५० ते ३०० व्होल्टांचा दाब असतो, आणि सेट बंद केल्यावरही तो काही काळ कंडेन्सरात दबा धरून बसतो. हे काम माहितगारावाचून करू नये.

आता स्पीकरविषयी. खरा अनर्थ येथे होतो, आणि तो आमच्या घरीही झालेला असल्यामुळे आम्ही अधिकाराने बोलू शकतो. आमच्याकडे तबकड्या ऐकण्यासाठी घेतलेला, एका ईएल ८४ व्हॉल्व्हचा लहानसा ध्वनिवर्धक आहे. एका पावसाळ्यात त्याच्या स्पीकरचा कागदी कोन ओलीने भिजला आणि उरलेला झुरळांनी खाल्ला. एका दुकानदाराने त्या जागी मोटारीतला चार ओहमांचा स्पीकर बसवून दिला, आणि आमच्या शंकेस 'आवाज येतो ना?' असे उत्तर दिले. आवाज येत होता. परंतु तो क्षीण व कर्कश होता. दोन वर्षे आम्ही त्या बिचाऱ्या ध्वनिवर्धकास नावे ठेवीत होतो!

दोष कोठे होता? व्हॉल्व्ह आणि स्पीकर ह्यांचे गोत्र जुळत नाही. त्यांची सोयरीक मधला ट्रान्सफॉर्मर जमवितो. ईएल ८४ ला सुमारे ५,००० ओहमांचा भार मानवतो, आणि आमचा स्पीकर आठ ओहमांचा होता. वेढ्यांचे प्रमाण २५ ला १ असले, तर भाराचे प्रमाण त्याच्या वर्गाइतके, म्हणजे ६२५ पट होते. आठाला ६२५ ने गुणिले की ५,००० येतात. तेथे चार ओहमांचा स्पीकर लावताच व्हॉल्व्हला २,५०० चाच भार दिसतो. शक्ती घटते आणि विकृती वाढते. तीन वा पाच ओहमांचे स्पीकर असलेले सेटही पुष्कळ होते. म्हणून 'आठाचा चालतो' हा सरसकट नियम नव्हे. शिवाय मीटर लावून मोजले असता आठ ओहमांचा स्पीकर सहाच्या आसपास दाखवितो, ह्यानेही पुष्कळांची फसगत होते. आणि स्पीकर काढून ठेवून व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक कधीही वाजवू नये. भार नसला की दाब उसळतो आणि ट्रान्सफॉर्मर प्राणास मुकतो.

परंतु ओहम जुळले म्हणजे काम संपले, असेही नाही. जुन्या स्पीकरचा मोठा, हलका, कागदी कोन थोड्या शक्तीत मोठा आवाज देतो. एक वॅट शक्तीवर एक मीटर अंतरावर एक स्पीकर ९७ डेसिबल देत असेल आणि दुसरा ८७, तर त्या दहा डेसिबलांचा अर्थ दसपट शक्ती असा होतो. पहिल्यावर पाच वॅट जे काम करतात, त्यासाठी दुसऱ्यावर पन्नास वॅट लागतील. मग आमचा पाच वॅटांचा ध्वनिवर्धक मोटारीच्या स्पीकरवर धापा टाकू लागला, ह्यात नवल ते काय? त्याहून जुन्या कित्येक सेटांत स्पीकरला कायमचा चुंबक नसून विजेने भारलेली कॉइल असते, आणि तीच वीज गाळण्याचेही काम करते. तेथे साधा स्पीकर लावावयाचा, तर त्या कॉइलची जागा भरून काढणारा चोक अथवा रोधक आधी घातला पाहिजे.

स्पीकर हा केवळ शेवटचा भोंगा नव्हे, ह्याचा दाखला गिटारच्याच जगात आहे. १९५९ सालच्या फेंडर बासमन ध्वनिवर्धकाची मांडणी समोर ठेवून १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानातील मंडळींनी आपला ध्वनिवर्धक बांधला. फेंडरमध्ये जेन्सनचे दहा इंची चार स्पीकर होते. मार्शलने सेलेस्टियनचे बारा इंची वापरले, आणि इतरही काही भाग निराळे घेतले. मांडणी बहुतांशी तीच असूनही ऐकणारास दोन निराळी वाद्ये ऐकू आली.

आमच्या ध्वनिवर्धकाचा मूळ स्पीकर सुदैवाने माळ्यावर पडून होता. एका वृद्ध कारागिराने त्याच सांगाड्यात नवा कोन आणि नवी कॉइल बसवून दिली. त्या संध्याकाळी जुनी तबकडी लावली, तेव्हा तंबोऱ्याची जवारी पुन्हा खोलीभर पसरली. 'व्हॉल्व्हचा आवाज दैवी असतो' असले स्तोम माजविणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. त्यात विकृती आहे, त्यास वीज अधिक लागते, आणि रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत, तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पावसात, त्याची निगा राखणे हे व्रतच आहे. आमचे म्हणणे इतकेच की, ज्या वस्तूस तिचा स्वतःचा आवाज आहे, तिच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज कोंबू नये.

राहता राहिला 'त्यावर ऐकावयाचे तरी काय?' हा प्रश्न. पुष्कळ सेटांच्या पाठीमागे ग्रामोफोन जोडण्यासाठी दोन भोके ठेवलेली असतात. सेटाचा सांगाडा विजेच्या तारेशी थेट जोडलेला नाही, एवढी खात्री कारागिराकडून करून घेतली, तर आजचे कोणतेही गाणे त्या वाटेने आत जाते. ज्यांस ब्लूटूथच हवे, त्यांनी ते बाहेर ठेवून ह्या भोकांस जोडावे. त्यासाठी यंत्राचा बळी देण्याचे मुळीच कारण नाही.

सेट बिघडला तर पुन्हा नीट करता येईल. जो कारागीर स्पीकरचा कोन चिकटवितो, ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळतो आणि नुसत्या गुरगुरीवरून कोणता कंडेन्सर गेला ते सांगतो, तो मात्र आता म्हातारा झाला आहे, आणि त्याच्या बाकापाशी शिकावयास कोणी बसत नाही. येथे शासकीय तंत्रनिकेतन आहे. अशा कारागिरांस वर्षातून आठ दिवस तेथे मानाने बोलावून मुलांपुढे काम करावयास सांगितले, तर किती खर्च येणार आहे? आणि तंत्रनिकेतन करील तेव्हा करो, घरातील कर्त्या माणसांनी तरी माळ्यावरचा सेट भंगारात देण्यापूर्वी एकवार कारागिराकडे न्यावा, सोबत मुलास न्यावे, आणि काम होईपर्यंत दोघांनी तेथे बसावे. रिकाम्या पेटीत लावलेला पिवळा दिवा त्या मुलास काय शिकविणार?