शांततेची गोळी आणि एकटे राहण्याचा सराव

घरातील शेवटचा माणूस बाहेर पडून कुलूप लागले की आतला कुत्रा दार ओरबाडू लागतो, अखंड भुंकतो, लाळ गाळतो, एरवी कधी न करणारा घरातच लघवी करतो. संध्याकाळी परतावे तर उशीचा कापूस खोलीभर पसरलेला आणि शेजाऱ्यांची तक्रार दाराशी उभी. अशा कुटुंबांकडून मला हल्ली एक प्रश्न वारंवार विचारला जातो : "डॉक्टर, तो शांत राहील अशी एखादी गोळी नाही का?"

मी माणसांचा डॉक्टर आहे. कुत्र्याला औषध लिहून देणे हे पशुवैद्यकांचे काम. तरीही या स्तंभात हा विषय घेण्याचे कारण असे की, त्याचा परिणाम साऱ्या घराच्या स्वास्थ्यावर होतो. मुलांची झोप मोडते, आजोबांचा रक्तदाब वाढतो, शेजारसंबंध बिघडतात आणि एक दिवस "आता याला कुणाला तरी देऊन टाकू" असा निर्णय होतो. त्या निर्णयाची जखम मुलांच्या मनावर दीर्घकाळ राहते. दुसरे कारण अधिक तातडीचे आहे. ही गोळी पुष्कळदा घरातल्याच औषधांच्या डब्यातून काढली जाते.

प्रथम हे जाणून घ्यावे की, कुत्रा सूड उगवत नसतो. आपल्या माणसांवाचून त्याला खरोखर भीती वाटते. पशुवैद्यक याला 'सेपरेशन अँग्झायटी' म्हणतात. आपण वियोगभय म्हणू. मार्च २०२० नंतर घरे अहोरात्र माणसांनी भरलेली असताना जी पिल्ले आली, त्यांना एकटे राहण्याचा प्रसंगच आला नव्हता. पुढे कार्यालये आणि शिकवणी वर्ग सुरू झाले आणि घर एकाएकी रिकामे झाले. घर बदलणे, कुटुंबातील कुणाचा मृत्यू, मुलगा शिक्षणासाठी पुण्याला जाणे, अशा बदलांनंतरही हा त्रास उद्भवतो.

निदान मात्र घाईने करू नये. बाहेर पडताना जुना मोबाइल कॅमेरा सुरू करून ठेवावा. वियोगभय असलेला कुत्रा बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच अस्वस्थ होतो. दिवसभर झोपून केवळ दुपारी कुरियरवाल्यावर भुंकणारा कुत्रा निराळा. लघवीचा विकार, सांधेदुखी, म्हातारपणातील स्मृतिभ्रंश यांचीही लक्षणे अशीच दिसू शकतात. आपल्या नागपुरात तर मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. बंद सदनिकेत वीज जाऊन कूलर थांबला की धापा टाकणे आणि लाळ गळणे ही उष्माघाताचीही चिन्हे असतात. म्हणून पहिली भेट पशुवैद्यकांची.

आता शांत करणाऱ्या सप्लिमेंटविषयी. बाजारात मिळणाऱ्या पूरकांत साधारणपणे दुधातील केसीन या प्रथिनापासून मिळवलेला अल्फा-कॅसोझेपीन, चहाच्या पानांतील एल-थिएनिन, ट्रिप्टोफॅन किंवा अश्वगंधा असे घटक आढळतात. (चहात थिएनिन आहे म्हणून कुत्र्याला चहा पाजू नये, त्यातील कॅफीन त्याला बाधते.) यांपैकी काहींनी सौम्य चिंता कमी होते, असे लहान अभ्यासांत दिसले आहे, परंतु परिणाम मध्यम असतो आणि प्रत्येक कुत्र्यात तो दिसेलच असे नाही. शिवाय औषधांइतकी कठोर परीक्षा या पूरकांना द्यावी लागत नाही.

मग त्यांचा उपयोग काय? भेदरलेला मेंदू नवे काही शिकत नाही. पूरकाने भीतीची धार थोडी बोथट झाली, तर शिकणे सुलभ होते. काम तेवढेच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या विकारासाठी १९९८ मध्ये क्लोमिप्रामीन आणि २००७ मध्ये फ्लुओक्सेटीन या औषधांना मान्यता दिली. ही औषधे पूरकांहून कितीतरी प्रभावी; तरीही ती वर्तनप्रशिक्षणाच्या जोडीनेच वापरावीत, असे त्या मान्यतेत नमूद आहे. जिथे औषधही एकटे पुरेसे मानले गेले नाही, तिथे पूरकाकडून चमत्काराची अपेक्षा कशी करावी?

प्रशिक्षणाचे सूत्र साधे आहे : भीती सुरू होण्यापूर्वी परत यावे. किल्ल्यांचा आवाज, चपला, खांद्यावरची बॅग हे त्याच्यासाठी वियोगाचे इशारे झालेले असतात. दिवसातून अनेकदा किल्ल्या उचलाव्यात आणि पुन्हा सोफ्यावर बसावे. हळूहळू त्या आवाजातील धास्ती ओसरते. मग दाराबाहेर पाच सेकंद, दहा सेकंद, अर्धा मिनिट, दोन मिनिटे अशा पायऱ्या चढाव्यात. कुत्रा अस्वस्थ झाला की एक पायरी मागे यावे. किती वेळ शांत राहिला, हे वहीत लिहावे. जाताना आवडीचा खाऊ भरलेले खेळणे द्यावे. एकटा असताना तो त्याला तोंडही लावत नसेल, तर पायरी उंच झाली असे समजावे. सकाळी ऊन चढण्यापूर्वी भरपूर फिरवून आणावे. जाता-येताना लाडाचा मोठा सोहळा करू नये.

यात कठीण गोष्ट एकच. सराव चालू असताना त्याला सोसवेल त्याहून अधिक काळ एकटे ठेवायचे नाही. येथे कुटुंबाची कसोटी लागते. आजी-आजोबा, शेजारच्या काकू, कामाच्या वेळांची अदलाबदल, यांतून काही आठवड्यांची सोय लावावी लागते. साखळीला बांधणे, मारणे किंवा पिंजऱ्यात कोंडणे यांनी भीती वाढतेच. कायमच्या बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे हा तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

आता डॉक्टर म्हणून माझा मुख्य इशारा. आजोबांची अल्प्राझोलामची गोळी 'अर्धीच' म्हणून कुत्र्याला देऊ नये. काही कुत्री तिने शांत होण्याऐवजी अधिक बेभान होतात. माणसांच्या झोपेच्या किंवा जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्यांत कधी कधी झायलिटॉल ही गोडी असते. तिने कुत्र्याच्या रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरते आणि यकृत निकामी होऊ शकते. फ्लुओक्सेटीन चालू असताना ट्रिप्टोफॅनसारखे पूरक स्वतःच्या मनाने जोडल्यास मेंदूतील सेरोटोनिनचे प्रमाण वाढून थरथर, ताप आणि झटके येण्याचा धोका असतो. 'आयुर्वेदिक' किंवा 'नैसर्गिक' हे शब्द मात्रा ठरवत नाहीत. गोळी चुकून पोटात गेलीच, तर वाट न पाहता वेष्टनासह पशुवैद्यकांकडे जावे.

नागपूरकरांना दूर जाण्याची गरज नाही. सेमिनरी हिल्स परिसरातील पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासून आपल्या शहरात आहे. तेथे किंवा आपल्या नेहमीच्या पशुवैद्यकांकडे जाताना मोबाइलवरील चित्रण, सरावाची वही आणि कुत्र्याला चालू असलेल्या सर्व औषधांची यादी सोबत न्यावी. पूरक निवडायचे असल्यास तेथेच विचारून, कुत्र्याच्या वजनाप्रमाणे घ्यावे; एका वेळी एकच सुरू करावे, म्हणजे गुण कशाचा आणि अपाय कशाचा हे कळते. ठरलेल्या मुदतीत फरक दिसला नाही, कुत्रा स्वतःला इजा करू लागला किंवा त्याने खाणेपिणे सोडले, तर औषधाचा निर्णय पशुवैद्यकांना घेऊ द्यावा. त्या औषधांचा गुण येण्यासही काही आठवडे लागतात. ती मध्येच एकदम बंद करू नयेत.

आपले मूल प्रथम शाळेत जाताना रडले, तेव्हा आपण त्याला गुंगीचे औषध दिले नव्हते. आई परत येते, हा विश्वास रोजच्या अनुभवातून त्याच्या मनात रुजला. घरातील या मुक्या सदस्यालाही तोच अनुभव मिळू द्यावा.