जेल संपलं

"आजी, माझं जेल संपलं!" नातू ओरडत आत आला. हातात पेन. पण आम्ही राहतो हिंडलग्यात. ओट्याशी गप्पा मारत बसलेल्या शेजारीणबाई दचकल्याच. आमच्याकडे कुणाचं जेल संपलं तर पेढे वाटायचे असतात!

देवनागरीत दोन्ही जेल एकच दिसतात, इंग्रजीत मात्र त्यांचं काही नातं नाही. पेनातलं किंवा केसांना लावायचं जेल म्हणजे 'जिलेटिन'चं छाटलेलं रूप. त्याचं मूळ लॅटिनमधल्या गोठण्यात. भिंतीआडचं जेल निघालं लॅटिन 'काव्हेओला'तून, म्हणजे छोटा पिंजरा. ते फ्रेंचच्या दोन बोलींतून दोनदा इंग्रजीत शिरलं, म्हणून स्पेलिंगंही दोन. जुने साहेब 'जी-ए-ओ-एल' लिहीत आणि वाचताना जेलच म्हणत. अमेरिकेत खटला चालू असेपर्यंत जेल, मोठी शिक्षा झाली की प्रिझन. आपण सगळ्यालाच जेल म्हणतो.

'तुरुंग' तरी आपला असेल, असं मला वाटायचं. तर तो पोर्तुगीज 'त्रोंकु'वरून आलेला मानतात. त्रोंकु म्हणजे झाडाचं खोड, आणि कैद्याचे पाय अडकवायचं लाकूडही. गंमत अशी, की मराठीतही खोडावरूनच 'खोडा' झाला. सूनबाईंचं माहेर गोकाकचं. त्या म्हणाल्या, "अत्ती, नमदु सेरेमने." सेरे म्हणजे कैद, मने म्हणजे घर. पिंजरा नाही, ओंडका नाही, तिथंही घरच! मला तो शब्द फार आवडला. पण बोलताना सूनबाईसुद्धा 'जैल'च म्हणतात.

आमचं जेल १९२३ सालचं. १९५० मध्ये सावरकरांना इथंच स्थानबद्ध ठेवलं होतं. गावात १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचं स्मारकही आहे. पण बाहेर गावाचं नाव सांगितलं, की लोक आधी हसतात. "हिंडलग्याला पाठवीन हं," ही धमकी माझ्या लग्नात माझ्या मामांनीही देऊन घेतली होती.

मीही हसायची. गेल्या पावसाळ्यात बसमधून एक बाई उतरली. पिशवीत घडी घातलेले कपडे, हाताला सहासात वर्षांचा मुलगा. जवळ येऊन हळूच विचारलं, "अक्का, दोड्ड ग्वाडी एल्लैतिरी?" मोठी भिंत कुठं आहे? मला आधी कळेचना. मग तिनं डोळ्यांनीच पोराकडे खूण केली.

जेल, तुरुंग, सेरेमने, सगळे शब्द माझ्या जिभेवर होते. मी त्यातला एकही उच्चारला नाही. "होय, दोड्ड ग्वाडी," म्हटलं, आणि थोडं अंतर त्यांच्याबरोबर चालत गेले. पोरगा विचारत होता, "अप्पा अल्ले केलस माडतानेन?" बाबा तिथंच काम करतात का?

आई म्हणाली, "हूं."