उपाशीपोटीचा अर्धा तास

"बाई म्हटलं की थकवा असायचाच!" चार वर्षांपूर्वी भाईंदरमधल्या एका डॉक्टरांनी मला हे हसत हसत ऐकवलं आणि टॉनिक लिहून दिलं. केस गळत होते, वजन वाढत होतं, पाळीत अंगावरून फार जात होतं, ऐन वैशाखात थंडी वाजत होती. घरच्यांच्या मते ही सुस्ती. एम.एस.डब्ल्यू. झालेली, वस्तीत बायकांना 'शरीराकडे लक्ष द्या' असं सांगणारी मीसुद्धा तेच मानू लागले होते. वर्षभरानं टीएसएचची रक्ततपासणी झाली तेव्हा कळलं, थायरॉईड ग्रंथी मंदावली आहे.

मैत्रिणींनो, हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी पटींनी जास्त. २००६ पासून खाण्याचं मीठ देशभर आयोडीनयुक्तच विकण्याचं बंधन आहे. तरीही तो होतो, कारण पुष्कळदा आपलीच प्रतिकारशक्ती या ग्रंथीवर उलटते. हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली याचं वर्णन केलं. शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत असलेल्या आजाराला अजून 'बायकी कुरकुर' म्हणायचं, ही निव्वळ बेफिकिरी आहे.

यावरचं औषध, लेव्होथायरॉक्सिन, केंद्र सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. रोजची गोळी कटिंग चहापेक्षा स्वस्त. अट एवढीच, ती उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. पुढे अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतरानं, नाहीतर ही गोळी अंगी लागत नाही.

पण पहाटे पाणी भरून, डबे करून चर्चगेट लोकल पकडणाऱ्या बाईनं, मासळीची पाटी घेऊन निघणाऱ्या उत्तनच्या कोळणीनं हा अर्धा तास आणायचा कुठून? आमच्या गटातल्या, स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात काम करणाऱ्या एक ताई तिन्ही गोळ्या चहाबरोबर एकदम घेत. "एकदाच काय त्या गिळून टाकते. पुन्हा वेळ कुठला?" टीएसएच उतरेना, म्हणून डोस वाढवला गेला. गोळी कशी घेता, हे कुणी विचारलंच नाही. आम्ही विचारलं, डॉक्टरांशी बोलून वेळा बदलल्या. तीन महिन्यांत टीएसएच आटोक्यात आला. ज्यांना सकाळी जमतच नाही, त्यांनी जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारावं.

आता जीवनसत्त्वांचा बाजार पाहा. ड किंवा बी-१२ तपासणीत कमी निघालं तर जरूर घ्यावं. पण त्यानं थायरॉईडच्या गोळीचं काम होत नाही. केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बायोटिनमुळे टीएसएचचा अहवालच चुकू शकतो. ते तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवावं लागतं. मनानं घेतलेल्या आयोडीनच्या गोळ्यांनी तर आजार बळावू शकतो. आधी बाईला केसांची, वजनाची लाज वाटायला लावायची आणि मग त्याच लाजेवर बाटल्या खपवायच्या, असा हा धंदा!

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. पालिकेच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात टीएसएच तपासणी मोफत व्हावी. गोळीची वेळ आणि पथ्य बाईला वाचता येईल अशा भाषेत लिहून द्यावं. डोस वाढवण्याआधी तिची दिनचर्या विचारावी. दिवस राहिले की डोस बहुधा वाढवावा लागतो. गोळी बंद करू नका, लगेच डॉक्टरांकडे जा, हे प्रत्येकीला सांगावं. गरोदरपणातल्या थायरॉईड तपासणीबद्दल केंद्र सरकारनं २०१४ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्या कागदावर का राहाव्यात?

आणि एक मागणी घरातली. सकाळचा पहिला चहा दुसऱ्या कुणीतरी टाकावा. ही गोळी जन्मभराची असते. तेवढा अर्धा तास रोज बाईच्या हक्काचा असला पाहिजे.