वाळवंटातलं तळं

गोल्फ या खेळाशी माझं वैयक्तिक भांडण नाही. ज्याला आयुष्यात गोट्याही धड खेळता आल्या नाहीत, त्याने गोल्फवर राग धरणं शोभत नाही. माझं भांडण आहे ते तळ्याशी. वाळवंटात मुद्दाम खणून, भरून, त्यात माणसांनी चेंडू बुडवावेत म्हणून ठेवलेल्या तळ्याशी.

गेल्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियाला भाच्याकडे गेलो होतो. हा भाचा म्हणजे आमच्या लातूरच्या अक्काचा थोरला. टँकर आला की शाळा बुडवून हंड्यांच्या रांगेत उभा राहणारा. ‘मामा, तुम्हांला एक गंमत दाखवतो,’ म्हणत त्याने मला कोचेला व्हॅली नावाच्या वाळवंटात नेलं. चहूकडे उघडेबोडके डोंगर, पाऊस वर्षाला जेमतेम तीन-चार इंच, आणि गोल्फची हिरवीगार मैदानं शंभराहून जास्त! त्यातल्याच एका रिसॉर्टवर माझ्या डोक्यावर टोपी आणि हातात काठी देण्यात आली.

पहिल्या टोल्याला चेंडू जागच्या जागी राहिला आणि वीतभर गवत उडालं. पण तेही खरं गवत नव्हे म्हणे. मूळचं गवत थंडीत पिवळं पडतं आणि पाहुण्यांना पिवळं बघवत नाही, म्हणून दर शरदात वरून दुसरं गवत पेरतात आणि ते उगवेपर्यंत दिवसातून कितीदा तरी शिंपतात. आमच्याकडे ज्वारीचं एवढं कौतुक कुणी केलेलं मी पाहिलं नाही.

पुढे बंकर लागला. बंकर म्हणजे वाळूचा खड्डा. मूळची वाळू झाकून गवत लावायचं, आणि त्या गवतात खड्डा करून पुन्हा वाळू आणून ओतायची! मी त्यात नऊ टोले मारले. भाच्याने धीर दिला. जवळच ला किंटाला पीट डाय या गृहस्थाने 1986 साली बांधलेलं ‘स्टेडियम कोर्स’ आहे. त्याच्या सोळाव्या होलचा बंकर एकोणीस फूट खोल. आमच्या वाड्यातल्या आडाला एवढी खोली असती तर उन्हाळ्यात पाणी तरी टिकलं असतं. 1987 साली अमेरिकन लोकसभेचे माजी सभापती टिप ओनील त्यात अडकले आणि टोले मारून दमल्यावर त्यांनी चेंडू सरळ हाताने वर फेकला. सभापतीला सुचलेला हा मला ठाऊक असलेला सर्वांत व्यवहारी ठराव. त्या वर्षी खेळाडूंनीच त्या मैदानाविरुद्ध अर्ज केला आणि ती स्पर्धा तिथून हलली. परत आली ती 2016 सालच्या जानेवारीत.

2016! त्याच वर्षी एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या, पाच लाख लिटर. अक्काने तेव्हा अंघोळीचं पाणी परातीत धरून तुळशीला घातलं होतं. हे सगळं मी तळ्याच्या काठावर उभा राहून भाच्याला ऐकवलं. पलीकडे बेटावर होल, मधे निळंशार पाणी. माझे चार चेंडू एव्हाना आत गेले होते.

‘मामा, हे नदीचं पाणी आहे, कालव्यानं येतं. काही ठिकाणी तर सांडपाणी शुद्ध करून वापरतात.’

नदी म्हणजे कोलोरॅडो. या नदीचं पाणी हल्ली समुद्रापर्यंत क्वचितच पोचतं आणि 2021 साली तिथल्या सरकारनेच अधिकृत टंचाई जाहीर केली. हे मी त्याला सांगितलं. माझी बाजू भक्कम होती. तेवढ्यात तो शांतपणे म्हणाला,

‘आणि मामा, मराठवाड्यात ऊस कोण लावतं?’

हा टोला मात्र सरळ गेला. मी म्हटलं, ऊस निदान चहात तरी पडतो. पण आवाजात जोर नव्हता. आमची स्वतःची दीड एकर उसाखालीच आहे, हे त्याला माहीत होतं. तरीही सांगतो, चूक आमच्याकडे आहे म्हणून ती तिकडे शोभा होत नाही. उसाला निदान पोटाची सबब आहे. तळ्याला कसली? मी रागाने आणखी तीन चेंडू मारले. तिन्ही पाण्यात. पाणबुडे येऊन ते काढतात आणि पुन्हा विकतात, अशी माहिती भाच्याने पुरवली.

संध्याकाळी अक्काला फोन लावला. तिकडे सकाळचे साडेसात.

‘काय बघितलंस रे?’

‘तळं. वाळवंटात.’

‘गोडं पाणी?’

‘गोडं.’

‘मग पितं कोण?’

‘कुणी नाही. माझे सात चेंडू आहेत त्यात.’

बराच वेळ अक्का काही बोलली नाही. मग मागे कुठेतरी घागरीचा आवाज आला आणि ती घाईघाईने म्हणाली, ‘नळ आलाय, ठेवते.’