पडद्यावरचे चित्रपुस्तक

मार्च २०२० मध्ये शाळांना टाळे लागले आणि मुंबईतील पहिली-दुसरीचे वर्ग प्रत्यक्ष भरण्यास १५ डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. मधल्या काळात परळ-लालबागच्या चाळींत शाळा भरली ती वडिलांच्या मोबाइलवर, वडील घरी असतील तेव्हा. पाठ्यपुस्तकाच्या पानांची छायाचित्रे धाडून अभ्यासक्रम ‘पूर्ण’ झाला. सहा वर्षांच्या मुलाच्या पदरात काय पडले, हे क्वचितच विचारले गेले.

वास्तविक उत्तर हाताशी होते. माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’च पाहा. घरातल्या माणसांची ही चित्रमय ओळख शिक्षिकेने कॅमेऱ्यासमोर धरली की भाषेचा तास सुरू होतो. आपल्या घरची माणसे मोजली की गणित, गावी कोण असते हे आजीला विचारले की परिसर अभ्यास, स्वतःची खोली रेखाटली की चित्रकला. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर तर २०१५ पासून चित्रकथा विनामूल्य आहेत, मराठीतही. इंग्रजी बालगीतांच्या अॅपसाठी पैसे मोजणाऱ्या पालकांना याचा पत्ता नसावा, हे नवलच! अर्थात शेजारी बसून बोट ठेवणारे मोठे माणूस हवेच. नुसत्या पडद्याने मूल वाचते होत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेचा आग्रह धरते. गिरगाव-दादरच्या मराठी शाळांना पटसंख्येची चिंता आहे. मग पालकांना दाखवण्याजोगे याहून सोपे काय आहे? फळ्याच्या जागी पडदा आला, त्यासाठी निधीही मिळाला. चित्रपुस्तके मात्र कित्येक शाळांत अजून कपाटात कुलूपबंद आहेत, मुले फाडतील म्हणून.