शाई कुणाची?

बाजारातली स्वस्त शाई आणि प्रिंटरच्या कंपनीची शाई यांतला फरक छापल्या दिवशी सहसा दिसत नाही, तो भिंतीवर दिसतो. घरगुती प्रिंटरमध्ये बहुधा डाय शाई, म्हणजे विरघळलेल्या रंगाची शाई असते. चकचकीत, झटपट सुकणाऱ्या फोटो-पेपरवर सूक्ष्म छिद्रांचा थर असतो, त्यातून हवेतला ओझोन थेट रंगापर्यंत पोचतो. बहुतेकदा पहिला बळी निळसर सायनचा जातो आणि फोटोतल्या आजीचा चेहरा हळूहळू तांबूस होत जातो. पिगमेंट शाईत रंगाचे घन कण असतात, म्हणून ती जास्त तग धरते. अमेरिकेतल्या विल्हेल्म इमेजिंग रिसर्चसारख्या संस्था प्रकाश, ओझोन आणि दमटपणात छपाई किती वर्षं टिकते याची चाचणी करतात, पण ती ठरावीक शाई-कागदाच्या जोडीची. बाटली बदलली की तो आकडा लागू नाही. प्रिंटरची रंगांची गणितंही मूळ शाईवरच बसवलेली असतात. मुलांचे प्रकल्प, तिकिटं, पावत्या यांना स्वस्त शाई खुशाल वापरा, तिथे जादा पैसे देणं मला पटत नाही. पण जो फोटो वर्षानुवर्षं भिंतीवर टिकायला हवा, त्यासाठी कंपनीचीच शाई घ्या, शक्यतो पिगमेंट. आणि तो काचेच्या चौकटीत, उन्हापासून दूर लावा.